जेरी ली लुईस ऐकताना आधी डावा हात शोधा

प्रश्न थोडक्यात असा: जेरी ली लुईस या अमेरिकन रॉक अँड रोल गायक-पियानोवादकाचं एखादं गाणं अ‍ॅपवर शोधलं की त्याच्या पंधरा-वीस प्रती समोर येतात. मूळ कोणती आणि नंतरची कोणती, हे कसं ओळखायचं? दौऱ्यांमधली कोणती रेकॉर्डिंग ऐकावीत? आणि घरच्या डिजिटल पियानोवर तो बाज थोडाफार तरी उतरवता येईल का?

या तिन्ही गोष्टींचं उत्तर एकाच कसोटीवर येऊन थांबतं: डावा हात ऐकू येतोय का? गाजतात ते उजव्या हाताचे चमत्कार, पट्ट्यांवरून सर्रकन घसरणं, टाचेने वाजवणं, स्टूल लाथाडणं. पण ज्या रेकॉर्डिंगमध्ये डावा हात स्पष्ट ऐकू येतो तिथे जेरी ली पूर्ण सापडतो. जिथे तो बास गिटारखाली दबलेला असतो तिथे उरतो एक चांगला गायक, जो पियानोही वाजवतो.

सुरुवात मेम्फिसच्या ७०६ युनियन अव्हेन्यूपासून, म्हणजे सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओपासून. लुईझियानातल्या फेरिडे गावात २९ सप्टेंबर १९३५ ला जन्मलेला हा माणूस १९५६ च्या अखेरीस तिथे पोहोचला. पहिली चाचणी इंजिनिअर जॅक क्लेमंटने घेतली. पहिली तबकडी 'क्रेझी आर्म्स', सन कंपनीचा तबकडी क्रमांक २५९. ती नीट ऐका. जवळजवळ फक्त पियानो आणि जे. एम. व्हॅन ईटनचा ड्रम. गिटार जाणवते ती थेट शेवटच्या कॉर्डला. खोलीत माणसं कमी म्हणून पियानोला बासचंही काम करावं लागलं, आणि पुढची दोन वर्षं त्याचा आवाज साधारण याच गरजेतून घडत गेला.

स्टुडिओतला पियानो मोठा ग्रँड नव्हता, छोटा, बुटका उभा स्पिनेट होता. स्पिनेटच्या खालच्या तारा आखूड असतात, त्यामुळे खर्जाचा स्वर घुमण्याऐवजी गुरगुरतो. पियानो विकत घेताना हा दोष धरतात, इथे तोच उपयोगी पडला. घुमणारा खर्ज ड्रमशी भांडला असता. गुरगुरणारा खर्ज मात्र प्रत्येक ठोक्याला वेगळा कळतो.

दुसरी खूण टेपच्या प्रतिध्वनीची. फिलिप्स आवाज दुसऱ्या टेप मशीनवर फिरवून परत मिसळायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि आवाज नोंदवणारं रेकॉर्ड हेड ते तो परत वाजवणारं प्लेबॅक हेड हे अंतर सुमारे दोन इंच असतं असं धरलं, तर आवाज ०.१३३ सेकंद उशिरा परत येतो. एकदाच आणि आखूड. 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'ची लय मिनिटाला साधारण १६० मात्रा, म्हणजे अर्ध्या मात्रेला सुमारे ०.१८७ सेकंद. प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या मध्ये, थोडा पुढच्याकडे झुकून पडतो. कानाला वाटतं कुणी तिसरा हात भर घालतोय. नंतरच्या प्रतींमध्ये याच जागी लांबट, हॉलसारखी घुमक असते, आणि तिथेच नक्कल उघडी पडते.

आता प्रतींकडे. 'होल लॉटा शेकिन गोइन ऑन' (सन क्रमांक २६७, १९५७) आणि 'ग्रेट बॉल्स' (सन क्रमांक २८१, १९५७) ही गाणी त्याने पुढे पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली, म्हणून गोंधळ सर्वाधिक इथेच. मूळ 'होल लॉटा' मोनो आहे, लांबी सुमारे दोन मिनिटं बावन्न सेकंद, गिटारवर रोलंड जेन्स, ड्रमवर व्हॅन ईटन. बासचा स्वतंत्र स्वर शोधून सापडत नाही. मूळ 'ग्रेट बॉल्स' सुमारे एक मिनिट बावन्न सेकंदांचं, आणि त्यात गिटार ऐकूच येत नाही. 'ग्रेट बॉल्स'ची दोन मिनिटांच्या पलीकडे जाणारी, गिटारची फोडणी दिलेली प्रत दिसली की ती बाजूला ठेवा.

सर्वात फसवी प्रत १९६४ च्या 'गोल्डन हिट्स'ची. सन सोडून तो १९६३ मध्ये मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीच्या स्मॅश लेबलकडे गेला आणि कंपनीने जुनी गाजलेली गाणी त्याच्याकडून नव्याने गाऊन घेतली. आवाज अजून तरुण आहे, वादन चोख आहे, म्हणून नवखा श्रोता हमखास फसतो. ओळखायचं असं: खरा स्टिरिओ, स्पष्ट बास, सगळं कसं आवरून-सावरून ठेवलेलं. डावा हात शोधायला गेलात तर बासमागे दडलेला सापडेल. दुसरी फसवी जागा त्याच्यावरच्या 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर!' या १९८९ च्या चरित्रपटाची. त्यासाठी त्याने स्वतःच ती गाणी परत गायली. तेव्हा तो त्रेपन्नच्या आसपासचा होता. आवाज जाड झालेला, ड्रम त्या दशकातले मोठाले आणि चकचकीत. चित्रपटाच्या नावाची प्रत म्हणजे 'ओरिजिनल' असं पुष्कळांना वाटतं, ते चूक.

अ‍ॅपवर गाण्याखाली दिसणाऱ्या वर्षावर भरवसा ठेवू नका. ते बहुधा त्या संकलनाचं वर्ष असतं. १९५७ चं मूळ गाणं २०११ चं म्हणून दिसतं आणि १९६३ ची पुनरावृत्ती 'सन काळ' अशा झगमगीत मुखपृष्ठाखाली विकली जाते. वर्षापेक्षा लांबी, मोनो की स्टिरिओ आणि गिटार-बासची हजेरी या तीन गोष्टी पाहा. मोनो तपासणं सोपं: हेडफोनची एक बाजू काढा, मग दुसरी. दोन्हीकडे तेच ऐकू आलं तर मोनो. एका कानात चरचरीत उंच स्वर आणि दुसऱ्यात बोद खर्ज आला, तर मूळ मोनोच कृत्रिमपणे फाडून स्टिरिओ केलेला आहे. १९६९ मध्ये शेल्बी सिंगलटनने सन विकत घेतल्यानंतरच्या तबकड्यांत हा प्रकार भरपूर आहे. वादन अस्सल असतं, पण पियानोचा डावा हात एका कानात आणि उजवा दुसऱ्यात गेल्यासारखं होऊन सगळी जान जाते.

त्याच काळातला एक मासला मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९७८ मध्ये 'ड्युएट्स' नावाची तबकडी आली, जेरी ली आणि 'मित्र'. मित्राचं नाव गुलदस्त्यात, आणि आवाज थेट एल्विससारखा. एल्विसला जाऊन वर्षच झालं होतं, त्यामुळे अफवांना ऊत आला. तो आवाज होता जिमी एलिसचा, जो पुढे मुखवटा घालून ओरायन नावाने गायला. जेरी लीच्या जुन्या सन टेपवर त्याचा आवाज मागाहून चढवलेला होता. 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी'ची अशी प्रत कुणी 'एल्विससोबतचं दुर्मीळ रेकॉर्डिंग' म्हणून पुढे केली तर हसून सोडून द्या. एल्विससोबतची खरी टेप ४ डिसेंबर १९५६ ची आहे. कार्ल पर्किन्सच्या सेशनला जेरी ली पियानो वाजवायला आला होता, एल्विस सहज डोकावला, आणि गप्पा-गाण्यांची टेप फिरत राहिली.

जुन्या तबकड्या हातात घ्यायच्या असतील तर सनचं लेबल पिवळं, त्यावर कोंबडा. मेम्फिसमध्ये छापलेल्या ४५ आरपीएमच्या प्रतींवर लेबलच्या भागात तीन गोल दबलेल्या खुणा असतात. संग्राहक त्या बोटाने चाचपून पाहतात. खुणा नाहीत म्हणजे नकली असं नाही, कारण इतर कारखान्यांतही छपाई होत असे. पण खुणा असतील तर भाव वाढतो. वाजवताना सुईकडे लक्ष द्या. ४५ च्या मोनो तबकडीला एक मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल सुई चांगली, ७८ च्या तबकडीला तीन मिलची लागते. ४५ ची सुई ७८ वर ठेवली की ती खोबणीच्या तळाशी घासते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. उभ्या हालचालीतून येणारा बराचसा आवाज नाहीसा होतो.

सगळंच ऐकायचं असेल तर बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने सन काळ दोनदा पेटीबंद केला: १९८९ मध्ये आठ सीडींत, २०१५ मध्ये अठरा सीडींत. अर्धवट सोडलेले टेक आणि चुकलेल्या सुरुवातीही त्यात आहेत. 'ग्रेट बॉल्स'च्या सेशनला रॉक अँड रोल गाणं हे पाप की पुण्य यावर जेरी ली आणि फिलिप्स यांचा झालेला कडाक्याचा वादही टेपवर आहे. कट्टर धार्मिक घरातल्या माणसाचं पोट आणि पंथ एकमेकांशी कसे झगडत होते ते त्यात जितकं कळतं तितकं चरित्रं वाचूनही कळत नाही. पण सुरुवात अठरा सीडींनी करू नका. एकाच गाण्याचे सात टेक ओळीने ऐकून माणूस कंटाळतो. आधी १९५६ ते १९६१ ची पंचवीस-तीस गाणी पुरेत.

दौऱ्यांची गोष्ट १९५८ च्या मे महिन्यात बिघडली. ब्रिटनचा मोठा दौरा ठरला होता. लंडनला उतरताच सोबतची मायरा ही त्याची बायको असून तेरा वर्षांची आहे, नात्यातली आहे, हे वार्ताहरांना कळलं. तीन कार्यक्रमांनंतर दौरा गुंडाळला. याची रंगवून सांगितलेली वर्णनं भरपूर आहेत. ते लग्न समर्थनीय नव्हतंच, आणि 'तिकडे तेव्हा चालायचं' ही सबब त्याच्या चाहत्यांनी वापरू नये. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम असा की रेडिओने पाठ फिरवली, बिदागी कोसळली आणि तो वर्षानुवर्षं लहानसहान जागी रोज रात्री वाजवत राहिला. रेकॉर्ड खपत नव्हते, पण हात तयार होत होता.

त्याचं फळ हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये ५ एप्रिल १९६४ ला टेपवर उतरलं. साथीला नॅशव्हिल टीन्स, जे नावाने अमेरिकन आणि प्रत्यक्षात इंग्लिश. निर्माता झिगी लोख. यात पियानो इतका पुढे आहे की साथीदार त्याच्यामागे धावताना ऐकू येतात. पहिल्याच 'मीन वुमन ब्लूज'मध्ये तो लय धरतो आणि बाकीचे दोन-तीन आवर्तनांनंतर नीट पोहोचतात. स्टुडिओत असा टेक बाद झाला असता. 'हाय स्कूल कॉन्फिडेन्शियल'मध्ये तो अचानक दम खातो, सगळे थबकतात, आणि मग डावा हात एकटाच परत सुरू होतो. तेवढा तुकडा हेडफोनवर तीन-चारदा ऐका. माझ्या मते संपूर्ण रॉक अँड रोलमध्ये यापेक्षा चांगलं जिवंत रेकॉर्डिंग नाही. कराराच्या भानगडींमुळे ते अमेरिकेत वर्षानुवर्षं निघालंच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला घेतलेलं 'ग्रेटेस्ट लाइव्ह शो ऑन अर्थ' त्या मानाने शिस्तीत आहे. प्रेक्षकांचा गलका मोठा, पियानो थोडा मागे.

बघायचं असेल तर दोन चित्रफिती. २८ जुलै १९५७ चा स्टीव्ह अ‍ॅलनचा कार्यक्रम: इथेच स्टूल मागे उडतं आणि यजमान उलट फर्निचर फेकतो. आणि ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनचं १९६४ चं चित्रीकरण, जिथे प्रेक्षक पियानोला अगदी भिडून उभे आहेत आणि हात जवळून दिसतात. नंतरच्यांपैकी टोरांटोचा १९६९ चा महोत्सव आणि लंडनच्या वेम्ब्लीतला १९७२ चा कार्यक्रम हे दोन्ही चित्रित आहेत. श्टुटगार्टला एप्रिल १९८१ मध्ये जॉनी कॅश आणि कार्ल पर्किन्ससोबत घेतलेलं 'सर्व्हायव्हर्स' ऐकायला गोड आहे, पण ती तीन मित्रांची मैफल आहे, त्यात पियानो शोधू नका. १९६७ पासून पुढे अनेक दशकं गिटार आणि फिडलवर केनी लव्हलेस आहे. उशिराच्या दौऱ्यांतली रेकॉर्डिंग त्याच्यामुळेच ऐकवतात. मालक कोणतं गाणं कोणत्या पट्टीत काढेल याचा नेम नाही, आणि लव्हलेस अर्ध्या आवर्तनात त्याला गाठतो.

१९६८ चा 'अनादर प्लेस, अनादर टाइम' हा कंट्रीकडचा वळसा मात्र टाळू नका. निर्माता जेरी केनेडी. इथे डावा हात जाणूनबुजून आवरलेला आहे, बास वेगळा आहे, पियानो गाण्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागांत बोलतो. माझी कसोटी इथे उलटी लावावी लागते, कारण हे दबणं कुणी लादलेलं नाही, त्याने स्वतः ठरवलेलं आहे. १९७३ चं लंडन सेशन आणि २००६ चं 'लास्ट मॅन स्टँडिंग' ही पाहुण्यांची गर्दी. दुसरं चांगलं खपलं, पण दर गाण्यात कुणीतरी नामवंत दार वाजवतो आणि पियानोवाल्याला सरकून बसावं लागतं.

आता तुमचा डिजिटल पियानो. पेटी वाजवणाऱ्यांना हे लवकर जमतं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. सा पांढरी एक धरा. 'होल लॉटा' आणि 'ग्रेट बॉल्स' दोन्ही तिथेच आहेत, आणि त्यालाही कारण आहे: या पट्टीत नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून घसरलं तरी बेसूर होत नाही.

डाव्या हाताचा पहिला ठेका: करंगळीने सा, अंगठ्याने प, दोन्ही एकत्र दोनदा. मग सा आणि ध एकत्र दोनदा. ध साठी अंगठाच सरकवा. एका मात्रेत दोन ठोके, म्हणजे चार मात्रांत आठ ठोके: साप साप साध साध, आणि परत तेच. दुसरा ठेका चालता: सा ग प ध, कोमल नी ध प ग, एकेका ठोक्याला एक स्वर. पहिला पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. बारा विभागांचा साचा, प्रत्येकी चार मात्रा: सा चार विभाग, म दोन, सा दोन, प एक, म एक, सा दोन. एकूण ४८ मात्रा आणि सम. 'ग्रेट बॉल्स'चा अंतरा याहून छोटा आहे: सा दोन, म दोन, प एक, म एक, सा दोन.

मेट्रोनोम ९० वर ठेवून डावा हात एकटा पाच मिनिटं न थांबता वाजवा. मनगट दुखलं तर थांबा. दुखण्याचं कारण जवळपास नेहमी एकच, ठोक्यानंतर बोटं पट्टी दाबूनच ठेवतात. पट्टी खाली गेली की काम संपलं, हात लगेच सैल. जोर खांद्यातून खाली पडू द्या. मग आठवड्याला दहाने वाढवत १६० पर्यंत जा. १६० ला अर्ध्या मात्रेचे ठोके सेकंदाला पाचाहून थोडे जास्त होतात. साध्या उभ्या पियानोची यंत्रणा एकच पट्टी सेकंदाला साधारण सात वेळा उचलू शकते. त्याच लयीत तिगुण मारायला गेलात तर सेकंदाला आठ होतात आणि हातोडी अडखळते. म्हणून उजव्या हाताने एकाच कॉर्डवर तिगुण ठोकण्याऐवजी दोन स्वरांत हात हलवत ठेवा.

लयीची खरी गोम ड्रममध्ये आहे. व्हॅन ईटनचा ठेका झुलता आहे आणि पियानोचा उजवा हात सरळ. दोघांच्या या किंचित बेबनावातून ती ओढ येते. तुमच्या पियानोत तयार ठेके असतील तर 'शफल' (झुलता ठेका) लावा आणि उजवा हात मुद्दाम सरळ ठेवा. 'रॉक' ठेका लावलात तर सगळं कवायतीसारखं वाजेल.

आवाजाची निवड करताना 'कॉन्सर्ट ग्रँड' नको. 'अपराइट' असेल तर ते. 'हाँकी टाँक' नावाचा आवाज इतका बेसूर केलेला असतो की सर्कस वाटते. रिव्हर्ब (हॉलसारखी घुमक) पूर्ण बंद. डिले (टेपसारखा प्रतिध्वनी) असेल तर १३० ते १४० मिलिसेकंद, पुनरावृत्ती शून्य, प्रमाण वीस-पंचवीस टक्के. इक्वलायझर असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा कापा, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उचला. उजव्या पायाचा पेडल विसरा. तो दाबून धरला की डाव्या हाताचे आठही ठोके एकमेकांत कालवले जातात, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं.

घसरण शेवटी शिका. वर जाताना उजव्या हाताच्या मधल्या बोटांची नखं, खाली येताना अंगठ्याचं नख. हात ४५ अंशांत कलता, दाब अगदी हलका. पट्टी पूर्ण खाली जायची गरज नाही. नखाऐवजी मांस टेकलं तर दोन दिवसांत कातडी सोलते. खरबरीत, हस्तिदंती स्पर्शाच्या पट्ट्यांवर तर पहिल्याच दिवशी. निघायचं तिसऱ्या मात्रेला आणि पोहोचायचं समेवर. सुरुवातीला सगळे लवकर पोहोचतात आणि समेची वाट बघत अवघडून थांबतात. तसं झालं तर वेग कमी करण्यापेक्षा अंतर वाढवा, एक सप्तक आणखी वरून निघा. आणि पियानो जर इंग्रजी एक्स आकाराच्या घडीच्या स्टँडवर असेल तर आधी दुहेरी पायांचा स्टँड घ्या. १६० च्या डाव्या हाताखाली एकेरी स्टँड डोलायला लागतो. स्टूल लाथाडायचा मोह तर आवराच.